म्हाताऱ्या घोड्याला घर कोण देणार?



घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेतले पुष्कळ घोडे आधी रेसकोर्सवर धावलेले असतात. तिथे मागे पडू लागले की ते शाळेत येतात आणि पुढची दहा-बारा वर्षे मुलांना पाठीवर घेतात. रोज नवे मूल, लगामाला रोज नवा हिसका. मग सांधे आखडतात, पाय लंगडतो. पण नीट सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. काम संपल्यावर उरलेली वर्षे त्याने कुठे काढायची?

“चांगल्या घरी देऊन टाकला,” हे उत्तर आपण ऐकतो. आमचा त्यावर विश्वास नाही. बेळगाव-निपाणी भागात जत्रांना घोडागाड्यांच्या शर्यती होतात, वरातीला घोडा लागतो. फुकट मिळालेला घोडा पहिल्या हातातून दुसऱ्या आणि तिसऱ्या हातात जायला वेळ लागत नाही. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याने पुन्हा जाऊन पाहिलेलेही नसते.

१९३० मध्ये डोरोथी ब्रुक ही ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची पत्नी कैरोला गेली. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याने तिथेच विकून टाकलेले घोडे तिला रस्त्यावर ओझी ओढताना दिसले, म्हातारे आणि हाडांचे सापळे झालेले. तिने १९३१ मध्ये इंग्लंडच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले, पैसे जमवले आणि पुढे सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके खचले होते की काही दिवस पोटभर चारा आणि विसावा देऊन त्यांना वेदनेविना मरण देणे एवढेच तिच्या हाती होते. १९३४ मध्ये तिने तिथे जनावरांचे इस्पितळ उघडले. ते घोडे विकणारे लोकही क्रूर नव्हते. हिशेब मिटवून ते घरी गेले, इतकेच.

म्हणून आमचे म्हणणे असे की शाळेने म्हातारा घोडा दान करू नये. मालकी स्वतःकडे ठेवावी, सांभाळणाऱ्याला दरमहा खर्च द्यावा, वर्षातून दोनदा तरी जाऊन पाहावे आणि जमले नाही तर परत न्यावे. हे सारे कागदावर असावे. पैसे कुठून आणायचे? प्रत्येक फेरीची फी घेतलीच आहे ना? त्यातला थोडा वाटा पहिल्या दिवसापासून त्याच घोड्याच्या नावाने बाजूला काढायचा. निर्गम २३ मध्ये बैलाला आणि गाढवाला विसावा सांगितला आहे, तो मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आपल्या देशातही जनावराला उपाशी-तहानलेले सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

मंडळीत कुणी विचारील, “माणसांना मिळत नाही, तिथे घोड्यांचे काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. आम्ही दानपेटीतले पैसे मागत नाही. ज्याने कमावले त्याने द्यावे, इतकेच मागतो.

आपल्यापैकी ज्यांची शेती आहे त्यांना मात्र दोन शब्द. गायी-बैल सांभाळल्याने घोडा कळतो असे नाही. घोडा रवंथ करत नाही, बुरशी लागलेल्या कडब्याने त्याला जीवघेणा पोटशूळ होऊ शकतो. म्हाताऱ्या घोड्याचे दात वाकडेतिकडे झिजतात. ते डॉक्टरांकडून घासून घ्यावे लागतात आणि चारा चावता येत नसेल तर कोंडा भिजवून द्यावा लागतो. दर दीड-दोन महिन्यांनी खूर कापावे लागतात. बेळगावच्या पावसात महिनोन्‌महिने चिखलात उभा राहिला तर खूर कुजतात, तेव्हा आधी कोरडा गोठा हवा. निपाणीकडे तंबाखूच्या शेताशेजारी मोकळा सोडू नये, कोवळ्या ज्वारीतही नाही. दोन्ही विषारी. शिवाय घोडा कळपाचा प्राणी आहे, एकटा ठेवला की झुरतो. सोबतीला दुसरा घोडा उत्तम, नाहीतर गाढव चालेल. (योगायोगाने शास्त्रात गाढवाचा मान घोड्यापेक्षा मोठा आहे.)

कोल्हापूरकडून कोगनोळीमार्गे घोडा आणायचा असेल तर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला घ्यावा आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी आधी करून घ्यावी. तो रोग माणसालाही होतो.

आणि घर मिळालेच नाही तर? घोडा असाध्य दुखण्याने पिडलेला असेल, तर ओळखीच्या माणसाचा हात मानेवर असताना डॉक्टरांनी दिलेले शांत मरण हे अनोळखी व्यापाऱ्याच्या ट्रकपेक्षा दयेचे आहे, असे आम्हाला वाटते. काहींना हे कठोर वाटेल. पण नीतिसूत्रे १२:१० मध्ये पशूच्या जिवाची काळजी घेणाऱ्याला धार्मिक म्हटले आहे, आणि त्याच वचनात दुष्टाच्या दयेलाही क्रूर म्हटले आहे. “चांगल्या घरी दिला” म्हणण्यापूर्वी शाळेने ते वचन पूर्ण वाचावे, आणि त्या घराचा पत्ता आपल्याजवळ आहे का तेही पाहावे.