रंगवलेला चेहरा खोटा नसतो

छायाचित्रणाची आवड असलेली चार माणसं जमली की एक आक्षेप हमखास येतो. चेहऱ्याला रंगभूषा, अंगावर ठरवून निवडलेला पोशाख, वर पुन्हा संगणकावर केलेली रंगांची फिरवाफिरव. मग हे छायाचित्र कसलं, हे तर नाटक.

नाटक म्हणून हिणवणं निदान मराठी माणसाला शोभत नाही. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले, त्यांत वेश, अलंकार आणि रंगभूषा यांचा आहार्य अभिनय सात्त्विकाच्या पंक्तीलाच बसवला. 1911 साली ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांची भामिनी पाहणाऱ्या प्रत्येकाला शालूच्या आत पुरुष आहे हे माहीत होतं. तरीही भामिनीचं दुखावणं त्यांना खरंच वाटलं. भाव पोहोचायला साधन लागतं आणि साधन दिसलं म्हणून भाव खोटा ठरत नाही.

‘पूर्वीचे फोटो कसे खरे असायचे’ हा दुसरा मुद्दा इतिहासाला धरून नाही. हेन्री पीच रॉबिन्सन यांचं 1858 मधलं ‘फेडिंग अवे’ पाहा. मृत्युशय्येवरची मुलगी, भोवती घरची माणसं. ते एका क्षणी टिपलेलं नाही, पाच निगेटिव्ह जोडून घडवलेलं आहे आणि ती मुलगी मरणासन्न नव्हती. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांनी घरकाम करणाऱ्या बाईला मरियमच्या वेशात बसवून व्यक्तिचित्रं काढली. आपले दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवत होते. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्यांची तारामती झाले ते साळुंके नावाचे पुरुष नट. घडवणं हे या कलेला संगणकाने लावलेलं व्यसन नाही.

तिसरा आक्षेप जास्त गोंडस आहे. उघड्यावर गेलात ना, मग निसर्गालाच बोलू द्या! पण कॅमेऱ्याचा स्वभाव माहीत असलेला माणूस असं म्हणणार नाही. भेडाघाटला भर दुपारी संगमरवरी कड्यासमोर सावळ्या माणसाला उभं करा. तुमचा डोळा कडाही पाहतो आणि चेहराही. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही: चेहरा सांभाळला तर दगड पांढराफटक होतो, दगड सांभाळला तर चेहरा काळोखात जातो. तिथे रिफ्लेक्टर धरणं, घामाने चकाकणाऱ्या कपाळावर हलका पावडरचा हात फिरवणं, नंतर सावलीतले डोळे थोडे उजळणं, हे सगळं डोळ्याने पाहिलेलं परत मिळवण्यासाठीच असतं. आणि ‘एडिट न केलेला फोटो’ म्हणून जो मोबाइलवर दाखवला जातो, त्यात फोनने आधीच अनेक फ्रेम एकत्र केलेल्या असतात, कडा धारदार केलेल्या असतात, रंग ठरवलेले असतात. निवड तिथेही झालेलीच असते. फक्त ती फोन बनवणाऱ्या अभियंत्याची असते.

मी ज्या चित्राच्या बाजूने हे लिहितो आहे ते रिछाईचं आहे. जबलपूरच्या या औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या गंजक्या फाटकासमोर वांगी रंगाच्या नऊवारीतली एक तरुणी उभी आहे. लुगडं आजीचं, नथही आजीची. डोळ्यांतलं काजळ बाहेरच्या कोपऱ्याशी मुद्दाम किंचित पसरू दिलेलं. संपादनात आकाशाचा निळा उतरवला आहे, त्यामुळे फाटकाचा तांबूसपणा आणि लुगड्याचा रंग एकमेकांना भिडतात. कानशिलाला घामाने चिकटलेली बट मात्र तशीच ठेवली आहे. ‘फॅक्टरीच्या दारात नऊवारी कुणी नेसतं का?’ असं एका जाणकाराने विचारलं. नेसत नाही, हे अगदी खरं. पण नागपूरकर भोसल्यांकडे 1798 पासून सुमारे दोन दशकं हा मुलूख होता, मराठी घरं नर्मदाकाठी रुजली, आणि त्याच गावात आज कुणाची तरी नात सकाळच्या पाळीला जाते. आजीचं लुगडं आणि फाटक दोन्ही तिचीच. रोजच्या आयुष्यात ती एका चौकटीत येत नाहीत, म्हणून वेशभूषेने आणली. टी-शर्टातला सहज टिपलेला फोटो तिच्याबद्दल यापेक्षा कमीच सांगतो.

आक्षेप घेणाऱ्यांचं एक मला मान्य आहे. बातमीच्या छायाचित्राला हात लावायचा नाही. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982 च्या मुखपृष्ठासाठी गिझाचे पिरॅमिड सरकवून जवळ आणले, ते चूकच होतं, कारण वाचक ती जागा तशीच आहे असं धरून चालला होता. व्यक्तिचित्र तसा दावा करत नाही. जिथे ते करतं तिथे मीही त्याच्या विरोधात उभा राहीन, आणि सर्वात आधी गोरं करण्याच्या विरोधात. लग्नाच्या अल्बमांत सावळ्या मुलींची कातडी तीन छटा उजळते, गालावरचा तीळ जातो, वयाच्या रेषा पुसल्या जातात. तिथे भाव वाढत नाही, माणूसच गायब होतो. पण हा राग रंगाच्या डबीवर आणि संगणकावर काढून काय उपयोग? ही खोड वर्णाच्या जुन्या मोहातून आली आहे आणि हाताने रंगवलेल्या फोटोंच्या काळातही ती होतीच.

म्हणून स्पर्धांच्या आयोजकांना माझं सांगणं आहे की व्यक्तिचित्रांच्या विभागातून ‘संपादन चालणार नाही’ ही अट काढून टाका. त्याऐवजी अंतिम प्रत चित्रातल्या माणसाला दाखवलेली असावी आणि ‘ही मीच’ अशी त्याची सही प्रवेशिकेसोबत जोडलेली असावी, असा नियम करा.