काट्यांच्या बाजूने दोन शब्द

व्हिडिओ गेम हा विषय महाविद्यालयाच्या अंकात शोभेल काय, असा प्रश्न काही वडीलधाऱ्यांना पडेल. त्यातून लिहिणारी वाणिज्य शाखेची. तिने बँका, जीएसटी, फार तर शेअर बाजार यांवर लिहावे अशी रास्त अपेक्षा असते. ती मी अगदीच मोडणार नाही. या लेखात जमाखर्च येणार आहे. फक्त तो जरा काटेरी वाटेने येईल.

पडद्यावरचा एक छोटा माणूस एका फळीवरून दुसऱ्या फळीवर उड्या मारीत पुढे जातो, अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म गेम’ म्हणतात. मारिओ हा त्यांतला सर्वांच्या ओळखीचा. या खेळांत खड्डे असतात, शत्रू असतात, आणि बहुधा काटेही असतात: जमिनीतून, भिंतीतून, कधी छतातून निघालेली अणकुचीदार टोकांची रांग. हे काटे पाठलाग करीत नाहीत, गोळ्या झाडीत नाहीत. बहुतेक तर जागचे हलतही नाहीत. कॅपकॉम कंपनीच्या ‘मेगा मॅन’मध्ये (१९८७) अंगात कितीही शक्ती शिल्लक असो, काट्याला पाय लागला की खेळ खलास. म्हणून काही खेळाडू काट्यांना आळशी रचनाकाराची युक्ती म्हणतात. काही सुचेनासे झाले की काटे पेरायचे! पालकांना ते क्रूर वाटतात. मला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. खेळातल्या साऱ्या अडथळ्यांत उघडा काटा हा सर्वांत प्रामाणिक अडथळा आहे, असे माझे मत आहे.

मी मूळची बालाघाटची. वैनगंगेच्या काठचा हा जिल्हा आज मध्य प्रदेशात आहे. पण १९५६ पर्यंत तो आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात हिंदी यात आम्हाला काही नवल वाटत नाही. भरवेलीच्या मँगनीज खाणीमुळे बालाघाटचे नाव भूगोलाच्या पुस्तकांत येते. व्हिडिओ गेमच्या इतिहासात ते येण्याचे काही कारण नाही, परंतु काट्यांविषयीचे माझे मत तिथेच बनले. माझी शाळा मामाकडे गोंदियाला, मराठी माध्यमात झाली. सुट्टीत बालाघाटच्या घरी सगळी चुलत भावंडे जमत. टीव्हीला जोडायचा एक स्वस्त गेम होता आणि ‘९९९९ खेळ’ अशी बढाई मारणारी एक कॅसेट होती. (त्यांत खरे खेळ मोजकेच, बाकी नाव बदलून तेच ते. ग्राहक संरक्षण कायदा मी पुढे शिकले.) रिमोट दोन आणि मुले सात. नियम एकच: जीव गेला की रिमोट पुढच्याला. मी मुलगी, त्यातून सर्वांत धाकटी. नुसता मागून तो रिमोट मला संध्याकाळपर्यंत मिळाला नसता. पण दादाची वडीलकी घरात चाले, काट्यापुढे चालत नसे. तो मेला की माझी पाळी येई, आणि मी मेले की रिमोट निमूटपणे पुढे जाई. काट्याने कोणाची भीड ठेवली नाही.

पडद्यावर इंग्रजीत काय लिहिले आहे, ते आम्हाला धड वाचता येत नव्हते. वाचण्याची गरजही नव्हती. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो चिरडतो, हे पहिल्या मिनिटात कळते. पुढे ढगात बसलेला एक प्राणी पाठीवर काटे असलेले लाल जीव खाली फेकू लागतो. यांच्यावर उडी मारायची नाही, हे सांगायला पाटी लागत नाही. आपल्या या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग लागतात. काट्याला एकही लागत नाही.

काटा असा उघड मांडण्याची रीत जुनीच आहे. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यावरचे लोखंडी खिळे आठवतील. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर, बाहेरच्या अंगाला ठोकलेले आहेत. हत्तीने दाराला धडकच देऊ नये, हा त्यांचा हेतू. याच्या उलट गोखरू. सराट्याला आमच्याकडे गोखरू म्हणतात. त्याची वाळलेली काटेरी फळे मातीच्या रंगाची होऊन पायवाटेवर पडलेली असतात, आणि तळव्यात रुतेपर्यंत कळत नाहीत. पूर्वी हत्तींच्या वाटेत लोखंडी काटे पसरून ठेवीत, त्यांनाही हिंदीत गोखरू हेच नाव आहे. दरवाजाचा खिळा म्हणतो, येऊ नकोस. गोखरू म्हणतो, ये. माझे सारे म्हणणे या फरकावर उभे आहे.

लपलेला काटासुद्धा न्यायी असू शकतो, याचा एक सुंदर नमुना म्हणजे जॉर्डन मेकनर यांचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९). त्यातले काटे फरशीखाली दडलेले असतात आणि राजपुत्र जवळ येताच वर येतात. तो धावत गेला किंवा वरून पडला तर मरतो. परंतु जपून, एकेक पाऊल टाकीत गेला तर त्याच काट्यांमधून सुखरूप पार होतो! गंमत अशी की, राजकन्येला सोडविण्यासाठी त्याला मिळतात फक्त साठ मिनिटे. घड्याळ घाई करायला लावते आणि काटे घाईला शिक्षा करतात. आमच्या काही सरांनी आपल्या विद्यार्थिदशेत संगणकाच्या वर्गात हा खेळ चोरून खेळला असेल, विचारून पाहावे.

आता आतल्या यंत्रणेविषयी थोडेसे. काटा लागला की नाही, हे संगणक पडद्यावरचे चित्र पाहून सहसा ठरवीत नाही. चित्राच्या जागी तो एक अदृश्य चौकोन धरतो आणि खेळाडूचा चौकोन त्यात शिरला का, एवढेच तपासतो. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला यांच्या ‘जॉमेट्री डॅश’मध्ये (२०१३) काटा त्रिकोणी दिसतो, पण त्याच्या आतला मारणारा चौकोन त्रिकोणापेक्षा बराच लहान आहे. टोक निसटते घासले तर जीव वाचतो आणि खेळणाऱ्याला आपलेच कौशल्य वाटते. हाच चौकोन चित्राहून मोठा ठेवला असता तर ‘लागलाच नव्हता’ म्हणून भांडणे झाली असती. ‘सेलेस्ट’ (२०१८) हा डोंगर चढणाऱ्या एका मुलीचा खेळ याहून दयाळू आहे. काट्याची टोके ज्या दिशेला, त्याच दिशेला तुम्ही जात असाल, म्हणजे काट्यापासून दूर निघाला असाल, तर स्पर्श होऊनही मरण येत नाही. इतके करूनही नवशिक्या माणूस त्यात शेकडो वेळा मरतो, आणि क्षणात त्याच पडद्यावर पुन्हा उभा राहतो. मरणांच्या संख्येचा अभिमान बाळगा, असे तो खेळच सांगतो.

‘आय वाना बी द गाय’ (२००७) या खेळात मात्र ठायी ठायी दगा आहे. झाडाची फळे खाली पडण्याऐवजी वर पडून मारतात. त्याला मी दोष देत नाही. तो फुकट आहे, आणि फसवणूक हीच त्यातली थट्टा आहे. तमाशातल्या सोंगाड्याने फसविले म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही.

मग तक्रार कोठे आहे? ती जमाखर्चात आहे. १९८१ च्या ‘डाँकी काँग’सारखे खेळ दुकानातल्या यंत्रांवर खेळले जात. अमेरिकेत पंचवीस सेंटचे, जपानात शंभर येनचे नाणे टाकले की मोजके जीव मिळत. खेळाडू जितका लवकर मरे, तितके पुढचे नाणे लवकर पडे. हा व्यवहार स्वच्छ नव्हता, पण उघड होता. पुढे खेळ कॅसेटमधून घरात आले. पैसे एकदाच भरायचे; मग शंभरदा मेला तरी कंपनीच्या खात्यात पै जमा होत नसे. त्या कॅसेटींत जागा फार थोडी असे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या चाळीस किलोबाइटचा; आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही याच्या कित्येक पट असतो. एवढ्याशा खेळाला महिनोन् महिने पुरवायचे तर तो कठीणच करावा लागे. काट्यांना त्या काळात सरळ काम होते.

मोबाइलने नाणे परत आणले, पण ते खेळाच्या दारात मागायचे सोडून मरणाच्या दारात मागितले. आपटलात? जाहिरात पाहा आणि उठा. किंवा हिरे द्या, किल्ल्या द्या, म्हणजे शेवटी पैसे द्या. आता प्रश्न असा की, उठवायचे पैसे जो घेतो, त्यानेच पाडायचे काटे मांडलेले असतील, तर ते न्यायाने मांडले आहेत हे कोणी सांगावे? परीक्षक स्वतःच गाईड विकू लागला तर त्याच्या प्रश्नपत्रिकेवर आपण जसा विश्वास ठेवू, तसा मी या काट्यांवर ठेवते. इथे पडद्यावरचा काटा दिसतो, खरा काटा मात्र गोखरूसारखा त्यानंतर येणाऱ्या चौकटीत असतो. २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. इथे जिंकायला काहीच नसते, फक्त मेलेला जीव उठवायचा असतो. त्यामुळे त्या बंदीचा या दुकानदारीला धक्का लागत नाही.

पालक मोबाइल हिसकावून घेतात, कारण खेळात मारामारी आहे, वेळ जातो. तो मुद्दा खोटा नाही. पण मूल मेल्यावर पडद्यावर काय येते, ते क्षणभर थांबून कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही. रक्कम किरकोळ असते, न पटले तर देऊ नये, असे आमच्याच वर्गातले काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी एक उदाहरण. ‘सबवे सर्फर्स’ (२०१२) या धावण्याच्या खेळात काट्यांच्या जागी रेल्वेगाड्या आणि अडसर आहेत. आपटल्यावर त्याच धावेत पुढे जायचे तर पहिल्यांदा एक किल्ली लागते, मग दोन, मग चार, मग आठ. किल्ल्या खेळताना सापडतात आणि विकतही मिळतात. हाच क्रम पुढे चालू धरला तर दहाव्या वेळी ५१२ किल्ल्या लागतील आणि तोवरची बेरीज १,०२३ होईल. भूमिती श्रेढी आम्हाला अकरावीत शिकवतात. हे खेळ खेळणारी मुले चौथी-पाचवीत असतात.