बारा तत्त्वं पाठ, पण बेसिनचं काय?

बी.एस्सी.च्या सिलॅबसमध्ये ‘ग्रीन केमिस्ट्री’ हे शब्द आता दिसू लागलेत. स्वागतच आहे! पण हा विषय एखाद्या इलेक्टिव्हपुरताच उरला, तर त्याचं काय होणार हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली बारा तत्त्वं पाठ करायची, परीक्षेत टीप लिहायची आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उरलेलं सगळं बेसिनमध्ये ओतून नळ सोडायचा.

त्यातलं पहिलंच तत्त्व सांगतं, की कचरा नंतर साफ करण्यापेक्षा तो मुळात होऊच देऊ नका. हे फळ्यावर कळत नाही, प्रॅक्टिकलमध्ये कळतं.

अॅसिटॅनिलाइडचंच घ्या. अॅनिलीन आणि अॅसेटिक अॅनहायड्राइड घेऊन आपण ते बनवतो. जर्नलमध्ये ‘पर्सेंटेज यील्ड’ लिहिला, तो चांगला आला, की सर खूश. पण जे वापरलं त्यातलं किती प्रॉडक्टमध्ये उतरलं? बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेली ‘अॅटम इकॉनॉमी’ नेमकं हेच विचारते. समीकरणानुसार १९५ ग्रॅममधून १३५ ग्रॅम मिळतं, म्हणजे ६९ टक्के. अॅनहायड्राइडऐवजी अॅसेटिक अॅसिड आणि थोडी झिंक डस्ट वापरली, तर आकडा ८८ टक्क्यांवर जातो आणि बाजूला पडतं ते फक्त पाणी. असे प्रयोग शोधत बसायचीही गरज नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची अशा प्रयोगांची पुस्तिका आहे. त्यात ब्रोमिनेशनसुद्धा द्रवरूप ब्रोमीनला हात न लावता करून दाखवलंय.

‘वेळ कुठाय?’ असं शिक्षक म्हणतील. खरंय, अॅसेटिक अॅसिडवालं रिफ्लक्स जास्त वेळ चालतं, वीजही जास्त जाते. मग कचरा वाचला की वीज गेली, हाच प्रश्न व्हायव्हात विचारा ना!

‘पण इंडस्ट्रीत हे कोण विचारतं?’ आयबुप्रोफेन बनवायची जुनी पद्धत सहा टप्प्यांची होती, अॅटम इकॉनॉमी ४० टक्के. १९९० च्या दशकात आलेल्या पद्धतीत तीनच टप्पे आणि ७७ टक्के. म्हणजे कच्चा मालही वाचला. आणि बारावं तत्त्व आहे अपघात टाळण्याचं. २३ मे २०२४ ला डोंबिवली एमआयडीसीत झालेला स्फोट पाहिलेल्यांना ते वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. वेगळा पेपर द्या, पण आधी जर्नलमध्ये यील्डच्या शेजारी अॅटम इकॉनॉमीचा एक कॉलम वाढवा, टाकाऊ द्रावणांसाठी लेबल लावलेल्या बाटल्या ठेवा आणि दर सेमिस्टरला निदान दोन जुने प्रयोग बदला. आज लॅबमध्ये हाताला जी सवय लागेल, तीच उद्या कारखान्यात जाणार आहे.