जितके कोअर, तितके थ्रेड?

‘मशीनमध्ये जितके कोअर, तितके थ्रेड उघडा’ हा नियम प्रोग्रामर मंडळी इतक्या सहज सांगतात की त्याची उलटतपासणी कुणी करत नाही. कोअर रिकामा ठेवणं म्हणजे पैसे वाया घालवणं, हा त्यामागचा युक्तिवाद. मशीनवर एकच प्रोग्राम असेल आणि सगळे कोअर सारख्या ताकदीचे असतील, तर तो खराही आहे. पण अशी मशीनं आता उरली किती?

६४ कोअरच्या सर्व्हरवर एका कंटेनरला दोन कोअरचा कोटा दिला आहे, असं धरा. लिनक्स हा हिशेब सहसा दर १०० मिलिसेकंदांनी करतं. तेवढ्या वेळात कंटेनरच्या वाट्याला सीपीयूचे २०० मिलिसेकंद येतात. प्रोग्रामने ६४ थ्रेड एकदम पळवले की हा वाटा जेमतेम ३ मिलिसेकंदांत संपतो. पुढचे ९७ मिलिसेकंद सगळे थ्रेड ताटकळतात, शेजारचे कोअर मोकळे असले तरीही! जावा हा कोटा २०१८ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून पाहू लागली. गो भाषेने २०१५ मध्ये एकावरून थेट ‘सगळे कोअर’ अशी उडी घेतली आणि कोट्याची दखल घेतली ती २०२५ मध्ये, १.२५ आवृत्तीत.

कोअरही आता एकसारखे नसतात. इंटेलच्या आय-९ १२९००के या चिपमध्ये आठ वेगवान आणि आठ काटकसरी कोअर आहेत. प्रत्येक वेगवान कोअर दोन म्हणून मोजला जात असल्याने ऑपरेटिंग सिस्टिमला मात्र २४ दिसतात. कामाचे २४ समान तुकडे केले, तर सर्वांत मंद तुकडा संपेपर्यंत बाकीचे खोळंबतात.

‘मग सरळ चार ठेवा’ हा तोडगाही टिकत नाही. नोड.जेएसच्या लिबयूव्ही या लायब्ररीत थ्रेडपूलचा डीफॉल्ट चारच आहे. चार फाइल वाचनं रेंगाळली की त्याच थ्रेडवर अवलंबून असलेल्या डीएनएस चौकशाही थांबतात. आणि ‘वापरणाऱ्याने ठरवावं’ हे तर अंग काढून घेणं झालं. ज्यांना सेटिंग ठाऊकच नाही, त्यांच्यासाठीच तर डीफॉल्ट असतो.

पायथनने दाखवलेली वाट जास्त शहाणी आहे. ३.८ आवृत्तीपासून तिथल्या थ्रेडपूलचा डीफॉल्ट कोअर अधिक चार, पण कमाल ३२ असा आहे: लहान मशीनवर वाट पाहणाऱ्या कामांना पुरेसे थ्रेड मिळतात आणि मोठ्या मशीनवर हात आखडता राहतो. ३.१३ मध्ये तर त्या प्रोसेसला नेमून दिलेलेच कोअर मोजले जातात. कंटेनरचा कोटा मात्र यातही धरलेला नाही. तो धरायलाच हवा. शिवाय निवडलेला आकडा प्रोग्रामने सुरू होतानाच लॉगमध्ये छापावा, म्हणजे मध्यरात्री अडकलेला सर्व्हर सोडवणाऱ्याला तो शोधत बसावं लागणार नाही.