मेंदूच्या खात्यातील उसनवारी



‘आपल्या घरात असले काही नसते,’ असे आपण किती विश्वासाने म्हणतो! सप्तव्यसनांच्या त्यागाचा संस्कार बालपणीच झालेला. मग चिंता कसली? गेल्या महिन्यात हा विश्वास माझ्याच घरी डळमळला. नववीतील नातवाच्या दप्तरात सूनबाईंना पेनासारखी एक वस्तू सापडली. ती ई-सिगारेट होती. २०१९ च्या कायद्याने देशात तिचे उत्पादन, विक्री व साठवण निषिद्ध आहे. तरीही ती दप्तरापर्यंत पोहोचली होती.

‘शाळा सोडवून दुकानात बसवतो!’ मुलगा संतापला. मी त्याच्याकडून एक संध्याकाळ मागून घेतली आणि जुनी खातेवही घेऊन नातवाजवळ बसलो.

‘आजोबा, यात धूर नाही, नुसती वाफ आहे.’

‘वाफ असेल, पण तिच्यात निकोटीन आहे,’ मी म्हणालो. ‘खेळात जिंकलास, भुकेच्या वेळी आवडीचे जेवलास, की मेंदूत डोपामाइन नावाचे द्रव्य स्रवते. ही कष्टाची जमा. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोहोचून तेच द्रव्य कष्टाविना स्रवायला लावते. ही उसनी जमा. पुढे मेंदू त्या उसनवारीला सरावतो. निकोटीन ग्रहण करणारी त्याची केंद्रे वाढतात आणि ते न मिळाल्यास अस्वस्थ करतात. आनंदासाठी काढलेले कर्ज पुढे केवळ व्याज भागवण्यासाठी काढावे लागते. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून तुझ्या वयात हे कर्ज लवकर जडते.’

‘तुम्हाला कसे ठाऊक?’

क्षणभर मी थबकलो. मग सांगितले, ‘वर्षअखेरीच्या ताळेबंदाच्या रात्री जागताना मी तंबाखूची चिमूट धरू लागलो. ती सुटायला अकरा वर्षे लागली.’ दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलालाही हे प्रथमच कळत होते. तो काही बोलला नाही. पण त्याचा राग ओसरला.

दोन दिवसांनी नातू स्वतःहून म्हणाला, ‘आजोबा, सकाळी उगाच चिडचिड होते, ते व्याजच का?’ दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे डॉक्टरांकडे गेलो.

वाचकहो, मुलांना भय घालताना आपण अतिशयोक्ती करतो. ‘एका झुरक्यात आयुष्य संपते,’ असे सांगावे, तर झुरका घेणारा मित्र वर्गात हसत बसलेला त्यांना दिसतो. मग आपले खरे बोलणेही खोटे ठरते. व्यापारात पत गेली की भांडवल असूनही व्यवहार थांबतो. घरातही तसेच आहे. म्हणून मुलांना खरे तेवढेच सांगावे, कारणासह सांगावे, आणि आपली चूक असेल तर तीही सांगावी. तंबाखू किंवा निकोटीन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या शासकीय क्रमांकावर निःशुल्क मार्गदर्शन मिळते. तो क्रमांक दुकानातील दूरध्वनीच्या वहीत आजच लिहून ठेवावा.