ब्रेसाँ, मणि कौल आणि राजनांदगाव

रोबेर ब्रेसाँ (१९०१–१९९९) याने चार दशकांत अवघे तेरा कथापट केले. त्यांपैकी बऱ्याच चित्रपटांचे मूळ साहित्यात आहे : बेर्नानोस, दस्तयेव्हस्की आणि अखेरच्या चित्रपटात (१९८३) टॉलस्टॉय. व्यावसायिक नट त्याने हळूहळू वर्ज्य केले; अननुभवी माणसांकडून संवाद भावनेने न रंगविता, जवळजवळ सपाट स्वरात उच्चारून घेतले. मणि कौल (१९४४–२०११) यांनी ब्रेसाँचे ऋण कधी लपविले नाही आणि समीक्षकांनी तेवढ्यावरच त्यांची बोळवण केली. हे न्याय्य नव्हे.

'सतह से उठता आदमी' (१९८०) हा चित्रपट गजानन माधव मुक्तिबोधांच्या लेखनावर उभा आहे. त्यात कथा, कविता आणि वैचारिक गद्य यांची सरमिसळ आहे. मुक्तिबोधांच्या गद्यात मित्र मित्राशी वाद घालतो तेव्हा बहुधा एकच मन स्वतःची उलटतपासणी करीत असते. असा संवाद नटाने आवेशाने म्हटला, तर आत्मपरीक्षणाचे भांडण होते. म्हणजे इथला कोरडा स्वर ही मूळ संहितेचीच मागणी आहे. ब्रेसाँकडून फार तर रीत मिळाली.

ही संहिता ज्या भूमीत घडली तिचाही विचार व्हावा. १९५८ मध्ये मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून आले. फेब्रुवारी १९५९ मध्ये शेजारच्या भिलाईत सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नव्या राष्ट्राच्या आकांक्षा तिथे पोलादात ओतल्या जात असताना, त्याच रेल्वेमार्गावरील छोट्या गावात हा कवी कनिष्ठ मध्यमवर्गीयाच्या अपराधी मनाचा शोध घेत होता. त्याचा पहिला स्वतंत्र संग्रह निघाला तो १९६४ मध्ये, मृत्यूनंतर.

मुक्तिबोधांची घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतील कवी, कादंबरीकार आणि मार्क्सवादी समीक्षक. साहित्य अकादमीचा १९७९ चा पुरस्कार त्यांना लाभला. तरीही मराठी समीक्षेने एका भावाला आपले मानले आणि दुसऱ्याला हिंदीच्या हवाली केले. दोघांच्या आत्मशोधाचा तौलनिक अभ्यास मराठीत व्हावा तितका झालेला नाही, ही उणीव भाषेच्या सीमेने झाकता येणार नाही.

मणि कौल मात्र या परिसराकडे पुन्हा वळले. 'नौकर की कमीज' (१९९९) ज्या कादंबरीवर बेतलेला आहे, तिचे लेखक विनोदकुमार शुक्ल यांचे जन्मगावही राजनांदगावच.