हजेरी कोणी मांडायची? अमेरिकेतील ऑनलाइन शाळांचा धडा



बुकिंग खिडकीवर बसणाऱ्या आपल्या बंधूच्या रोकडीत पाळी संपताना पन्नास रुपये कमी भरले, तर ते कोण भरतो? तोच भरतो. वर्षभराने हिशेब तपासनीस येतो, जुनी पाने उलटतो, एखाद्या पावतीत भाडे कमी घेतलेले सापडले की डेबिट काढतो आणि ते पगारातून वळते होते. खेड्यातल्या ब्रँच पोस्टमास्तरच्या रोकडीत फरक आला तर आधी 'पुट ऑफ ड्यूटी' आणि मग विचारपूस. याबद्दल आमची तक्रार नाही. पैसा जनतेचा आहे, त्याचा हिशेब पैशापैशाने दिलाच पाहिजे. आमचा सवाल वेगळा आहे. हा कायदा फक्त खालच्यालाच का? जो कोटींनी उचलतो, त्याच्यासाठी कोणता तपासनीस आहे?

हा सवाल आज आम्ही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील एका शाळेवरून विचारत आहोत. रेल्वे-पोस्टाच्या कामगाराला अमेरिकेतल्या शाळेशी काय कर्तव्य, असे काही बंधू म्हणतील. त्यांनी थोडा धीर धरावा. गाडी शेवटी आपल्याच स्टेशनात येणार आहे.

अमेरिकेत 'चार्टर स्कूल' नावाचा प्रकार आहे. चार्टर म्हणजे सनद. शाळा चालते सरकारी पैशावर, मुलांकडून फी घेत नाही, पण कारभार असतो स्वतंत्र संचालक मंडळाकडे, आणि हे मंडळ पुष्कळदा सगळे काम खाजगी कंपनीला देऊन टाकते. असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्याने केला. ओहायोने तो १९९७ मध्ये केला. पुढे यातूनच ऑनलाइन चार्टर शाळा निघाल्या. वर्ग नाही, फळा नाही, घंटा नाही. मूल घरी संगणकासमोर बसणार आणि शाळेला दर मुलामागे सरकारी पैसे मिळणार. मूल बसले की नाही हे सांगणार कोण? शाळाच सांगणार. ठेकेदारानेच आपली मजूर हजेरी लिहावी आणि त्यावरच बिल निघावे, तसा हा मामला.

ओहायोतली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो', म्हणजे उद्याची इलेक्ट्रॉनिक शाळा, २००० साली सुरू झाली. तिला लोक ईकॉट म्हणत. संस्थापक विल्यम लेगर. ती राज्यातली सर्वांत मोठी ऑनलाइन शाळा झाली. २०१५-१६ या वर्षात तिने सुमारे १५,३०० मुले दाखवली आणि दहा कोटींहून अधिक डॉलर उचलले. २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने पहिल्यांदा नीट विचारले की, बाबांनो, ही मुले किती तास शिकली त्याचा पुरावा दाखवा. तपासणीत सुमारे ६,३०० पूर्णवेळ मुलांचाच हिशेब लागला. म्हणजे दर पाच मुलांपैकी तीन मुले कागदावर! दिवसाला पाच तास शिक्षण अपेक्षित असताना बहुतेक मुले तासभरच संगणकावर आल्याचे खात्याला आधीच्या तपासणीत दिसले होते. पुढे २०१८ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने दाखवून दिले की, संगणक नुसता उघडा पडून होता तो वेळही शाळेने शिक्षणाच्या तासांतून वजा केलेला नव्हता.

शाळेने यावर काय उत्तर द्यावे? शाळा म्हणाली, कायद्याप्रमाणे आम्ही वर्षाला ९२० तासांच्या शिक्षणाची सोय उपलब्ध करून द्यायची, मुलाने ती घेतली की नाही हे मोजायचे कारण नाही! बंधूंनो, आपल्या गँगमनने उद्या म्हणावे की मी रुळांवर जाण्यास उपलब्ध होतो, प्रत्यक्ष गेलो की नाही हे विचारू नका, पगार पूर्ण द्या. त्याला त्याच दिवशी चार्जशीट मिळेल. इथे मात्र हा युक्तिवाद घेऊन मोठमोठे वकील कोर्टात उभे राहिले. राज्याने आयत्या वेळी नियम बदलला, हे त्यांचे दुसरे म्हणणे. ऑगस्ट २०१८ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की, मूल किती वेळ शिकले याचा पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे. एवढी साधी गोष्ट ठरायला अठरा वर्षे लागली.

तोवर पैसा कुठे गेला होता? सुरुवातीपासून या शाळेकडे सुमारे १०० कोटी डॉलर सरकारी पैसा गेला. त्यातले जवळजवळ २० कोटी डॉलर गेले दोन खाजगी कंपन्यांना. एक शाळेचा कारभार पाहणारी, दुसरी संगणकाचे सॉफ्टवेअर पुरवणारी. आणि या दोन्ही कंपन्या कोणाच्या? शाळेच्याच संस्थापकाच्या! एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने घ्यायचे. याच गृहस्थांनी या काळात राजकीय पुढाऱ्यांना २० लाखांहून अधिक डॉलरच्या देणग्या दिल्या. मग नियम कडक व्हायला अठरा वर्षे का लागली, हे वेगळे सांगायला नको.

राखणदाराची कथाही ऐका. ओहायोत प्रत्येक चार्टर शाळेवर एक 'प्रायोजक' संस्था देखरेख ठेवते. तिला देखरेखीचे शुल्क मिळते ते त्याच शाळेच्या सरकारी पैशातून, ३ टक्क्यांपर्यंत. म्हणजे शाळेचा पट फुगला की राखणदाराचाही वाटा फुगला! आणि सरकारी खाते? २०१५ मध्ये खात्यातल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रायोजकांचे मूल्यमापन करताना ऑनलाइन शाळांचे नापास शेरेच वगळून टाकले. बोभाटा झाला तेव्हा त्याने राजीनामा दिला. कुंपणाने शेत खाल्ले, ते असे.

शेवटी राज्याने दोन वर्षांचे मिळून सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन शाळेच्या वर्षात, ईकॉट बंद पडली. सुमारे १२,००० मुले एका दिवसात बिनशाळेची झाली आणि शिक्षक बिननोकरीचे. शाळेचे सामानसुमान लिलावात गेले. २०२२ मध्ये लेखापरीक्षकाने ११ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक वसुली काढली. पण लिलावात खुर्च्या विकून एवढे पैसे निघतात का? शिवाय हे पैसे आकाशातून आले नव्हते. ओहायोत तेव्हा चार्टर शाळेचा पैसा स्थानिक सरकारी शाळांच्या वाट्यातून कापला जाई. कागदावरच्या मुलांसाठी खऱ्या मुलांच्या बाकाचे आणि मास्तरांचे पैसे गेले.

ही एकच नासकी शाळा होती, व्यवस्था चांगली आहे, असे म्हणणारे लोक असतात. त्यांच्यासाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण देतो. तिथे मे २०१९ मध्ये ११ जणांवर आरोपपत्र ठेवले गेले. त्यांच्या साखळीत १९ ऑनलाइन चार्टर शाळा होत्या आणि त्यांनी ४० कोटी डॉलरच्या आसपास सरकारी पैसा उचलला होता. युक्ती अशी की, उन्हाळ्यात खेळाच्या संघात येणाऱ्या मुलांची नावे घेऊन ती शाळेच्या पटावर चढवायची. २०२१ मध्ये मुख्य आरोपींनी गुन्हा कबूल केला. पेनसिल्व्हेनिया राज्यात तर गुन्ह्याचीही गरज पडली नाही. तिथल्या लेखापरीक्षकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ऑनलाइन शाळांचा हिशेब काढला. २०२० ते २०२३ या काळात त्यांचे उत्पन्न ४७ कोटी ३० लाख डॉलरवरून ८९ कोटी ८० लाखांवर गेले होते आणि शिल्लक गंगाजळी २५ कोटी ४० लाखांवरून ६१ कोटी ९० लाखांवर. खर्चात भेटकार्डे आणि कर्मचाऱ्यांचे बोनसही निघाले. इमारत नाही, बस नाही, तरी इमारतीच्या शाळेसारखाच दर कायद्याने दिला, तर दुसरे काय होणार? आणि मुले काय शिकली? स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अनेक राज्यांतल्या ऑनलाइन चार्टर शाळा तपासल्या. गणितात ही मुले वर्षाला १८० दिवसांच्या अभ्यासाने मागे पडली होती. तिथले शाळेचे वर्षच १८० दिवसांचे असते!

आता गाडी आपल्या स्टेशनात आली. आपल्याकडे चार्टर शाळा नाहीत. पण कागदावरची मुले आपल्याला नवी नाहीत. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्र सरकारने राज्यभर पटपडताळणी केली, ती आठवा. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटाला शाई लावली होती. त्यात सुमारे २० लाख नावे बोगस असल्याचे पुढे आले. त्यांच्या नावावर तुकड्या, अनुदान, सगळे चालू होते. ती चोरी पकडता आली, कारण शाळेला दार होते आणि मुलाला बोट होते. संगणकावरच्या शाळेत शाई कोणत्या बोटाला लावणार? संगणक आला की घोटाळा थांबतो, असे सांगणाऱ्यांनी २०२५ मध्ये नागपुरात उघडकीला आलेले बनावट शालार्थ आयडीचे प्रकरण पाहावे. पगार ऑनलाइन, प्रणाली ऑनलाइन, आणि आरोप बोगस शिक्षकांचा.

आमच्या कामगार संघटनेला हा अनुभव रोजचा आहे. एका जंक्शनवर डबे सफाईच्या ठेक्यात रजिस्टरला बावीस नावे होती. आमचे कार्यकर्ते पहाटे चार वाजता फलाटावर जाऊन मोजून आले, माणसे निघाली चौदा. बावीसांचे काम चौदा जणांच्या पाठीवर आणि आठांचा पगार ठेकेदाराच्या खिशात. ते रजिस्टर कोण लिहीत होते? ठेकेदाराचाच सुपरवायझर. आम्ही दहावी पास माणसे, आम्हाला अर्थशास्त्र कळत नाही असे साहेब लोक म्हणतात. पण मस्टर आम्हाला कळते.

ऑनलाइन शिक्षणाला आमचा विरोध आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आजारी मूल, अपंग मूल, ज्या गावाला माध्यमिक शाळा नाही तिथली मुलगी, यांना त्याचा उपयोग आहे. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याच मुलांनी वडिलांच्या फोनवर धडे गिरवले. ईकॉटमध्येही मनापासून शिकणारी मुले आणि शिकवणारे शिक्षक होतेच, आणि शाळा बुडाली तेव्हा सर्वांत जास्त तेच बुडाले. म्हणूनच नियमनाची मागणी मुलांच्या विरोधात नाही, ती मुलांसाठीच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ऑनलाइन शिक्षणाला जागा दिली आहे. रेल्वेच्या शाळा आटोपत्या घेण्याच्या शिफारशीही सरकारदरबारी झालेल्या आहेत. उद्या कोणी म्हणेल, शाळा कशाला, दर मुलामागे इतके रुपये कंपनीला द्या, ती मोबाइलवर शिकवील. तो दिवस यायच्या आत आपले म्हणणे ठरलेले असावे. ते असे :

१. जो पैसे घेतो त्याने हजेरी मांडायची नाही. मोजणी पैसे देणाऱ्या सरकारने करावी, वर्षातून अनेकदा आणि न कळवता.

२. शाळेने ज्या खाजगी कंपनीला काम दिले, तिच्याही वह्या सरकारी लेखापरीक्षकाला उघड्या असाव्यात. 'आम्ही खाजगी आहोत' ही सबब चालणार नाही.

३. शाळेचा चालक आणि शाळेला माल विकणारा एकच माणूस किंवा त्याचे नातेवाईक नसावेत.

४. राखणदाराचे वेतन राखायच्या शेतातून नसावे.

५. शाळा बुडाली तर मुलांची सोय आणि शिक्षकांची देणी भागतील एवढी अनामत सरकारजमा असावी. आपल्या कॅशियरकडून जामीन घेतात, मग कोटींच्या मालकाकडून का नाही?

६. शिक्षकांना संघटनेचा हक्क असावा आणि खोटा पट उघड करणाऱ्याला नोकरीचे संरक्षण असावे. पटावरची नावे खरी की खोटी, हे आधी वर्गशिक्षकालाच कळते.

ओहायोत नियम नव्हते असे नाही. ९२० तासांचा नियम होता, देखरेखीची संस्था होती, शिक्षण खाते होते. नव्हते ते फक्त एक : मोजायला जाणारा माणूस. आपल्या आमदार-खासदारांना, शिक्षक संघटनांतल्या बंधूंना आणि पालक सभांना हेच सांगा. पन्नास रुपयांसाठी बुकिंग क्लार्कला जाब विचारणाऱ्या सरकारने पन्नास कोटींसाठीही जाब विचारला पाहिजे. आणि ते विचारत नसेल, तर पहाटे चार वाजता फलाटावर जाऊन माणसे मोजण्याची सवय आपल्याला आहेच.

कामगार एकजुटीचा विजय असो!